चर्चा: बिनजबड्याच्या माशाला ‘मागासलेला’ म्हणायचं का?

पैठणचा_मास्तर (धागाकर्ता)

गाव पैठण, पोट लातूरला. अकरावी-बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवतो, त्यावरच घर चालतं. तर मागच्या आठवड्यात प्राणिसृष्टीचा धडा चालू होता आन् सायक्लोस्टोमाटा, म्हणजे बिनजबड्याच्या गोल तोंडाच्या माशांचा वर्ग आला. पोरांनी मान वर न करता लिहून घेतलं, पेट्रोमायझॉन म्हणजे लॅम्प्रे, मिक्सिन म्हणजे हॅगफिश, गोल तोंड, जबडा नाही, पुढं चला. एकानं विचारलं, "सर, हे मागासलेले मासे ना?" मी सवयीनं हो म्हणून गेलो. रात्री डोक्यात तेच फिरायलं, की हे आपण काय बोललो.

फळ्यावर लॅम्प्रेचं चित्र काढलं होतं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला होता, "सर ही तर वाम." म्हणलं चला, बघूच. रविवारी सकाळी सहा-सात पोरं घेऊन मच्छी मार्केटात गेलो. मावशीनं वाम राखेत घोळली, नाहीतर ती हातात राहतच नाही, आन् फळीवर दाबून धरून बोटानं तोंड फाकवून दाखवलं. "हायेत की बारीक दात, घाल बोट." पोरानं बोट काही घातलं नाही. पण जबडा बघितला, वरचा न् खालचा. कल्ल्यावर दोन्ही बाजूंना एकेकच झाकण, उचललं की आत लालभडक कल्ले. पाठीवर काट्यांची रांग. मधून चिरल्यावर हाडाचा कणा.

मग मोबाईलवर लॅम्प्रेचा फोटो काढला आन् वामीशेजारी धरला. लांबी तशीच, बुळबुळीतपणा तसाच, पण तोंडाच्या जागी गोल चकती, तिच्यात शिंगासारख्या पदार्थाचे दात गोलगोल रांगांनी. डोक्याच्या मागं झाकण नाही, दर बाजूला सात भोकं ओळीत, बासरीला असतात तशी. नाकपुडी एकच, डोक्यावर मधोमध. बाजूचे जोडीचे पर नाहीतच. हाड नावाला नाही, सगळा कूर्चेचा कारभार. मावशीनं फोटो बघितला आन् म्हणाली, "हे मासं नव्हं बाबा, हे काहीतरी इंजिनाचं पाईप हाय."

आता माझं म्हणणं. लॅम्प्रे आन् हॅगफिश हे आपले पणजोबा नाहीत, चुलत घराणं आहे. त्यांची न् आपली वाट पन्नास कोटी वर्षांच्या आसपास फुटली आन् तेवढीच वर्षं तेही बदलत आले जेवढी आपण. मग ते मागास आन् आपण पुढारलेले हे कुठल्या हिशेबानं? दुसरं म्हणजे पुस्तकात छापलंय की या वर्गातले आजचे सगळे प्राणी माशांवर बाहेरून जगणारे परजीवी आहेत. सरळ चूक आहे हे. हॅगफिश तळाशी पडलेले मेलेले मासे, देवमासे खातो, किडे धरून खातो. लॅम्प्रेच्या निम्म्याहून जास्त जाती मोठ्या झाल्यावर काही खातच नाहीत, अंडी घालतात आन् मरतात. पोरं चुकीचं वाक्य पाठ करायलीत आन् आपण शिकवायलो. या दोन प्राण्यांना अख्खा एक तास द्या म्हणतो मी. बोला.

लातूर_पॅटर्न_१८०

सर मनापासून मानतो तुम्हाला, पण एक तास? नीटला १८० प्रश्न, १८० मिनिटं. बायोलॉजीचे ७२० पैकी ३६० मार्क. त्यात सायक्लोस्टोमाटावर आला तर एक प्रश्न, तोही जोड्या लावा टाईप. तेवढ्या तासात ह्युमन फिजिऑलॉजीची दोन पानं होतात, तिथं मार्क पडतात. आमच्याकडं पोरगं बीडहून, जिंतूरहून, उदगीरहून येतं, बापानं जनावर विकून फी भरलेली असते, त्याला मी वाम फाडून दाखवू? त्याला सीट पाहिजे. पुस्तकात जे छापलंय तेच उत्तर बरोबर धरणार, तुमचा हॅगफिश काय खातो हे विचारायला कुणी येणार नाही. चूक असेल तर असू दे, एमबीबीएसला गेल्यावर दुरुस्त करून घेईल.

राहिला मागास शब्द. जबडा नाही, जोडीचे पर नाहीत, हाड नाही, दात बी खरे नाहीत. मग पोरगं मागासलेला म्हणलं तर काय चुकलं त्याचं?

पैठणचा_मास्तर

एमबीबीएसला गेल्यावर कुणी दुरुस्त करत नसतंय भाऊ, तिथं लॅम्प्रे येतच नाही. म्हणजे हे वाक्य त्याच्या डोक्यात मरेपर्यंत राहणार.

आन् 'नाही-नाही-नाही' अशी यादी कुणाचीबी करता येते. आपल्याला कल्ले नाहीत, शेपूट नाही, पाण्यात श्वास नाही, तुटलेला मज्जारज्जू परत जोडून पोहता येत नाही. लॅम्प्रेला येतं. मज्जारज्जू पूर्ण कापला तरी काही आठवड्यांनी तो परत पोहायला लागतो, म्हणून तर अर्ध्या जगातल्या न्यूरोच्या लॅबमध्ये तो टाकीत ठेवलेला असतो. त्यांनी आपली यादी केली तर आपण कुठं बसू?

निवृत्त_प्राध्यापक_नांदेड

मास्तर, विषय चांगला काढलात, पण तुम्ही दुसऱ्या टोकाला चाललात म्हणून लिहितो. ३१ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलंय, तेवढा हक्क समजा.

'आदिम' हा शब्द शिवी नाही. शास्त्रात प्राणी आदिम नसतो, लक्षण आदिम असतं. लॅम्प्रेच्या मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टण नाही. आपल्या तंतूंना आहे, शार्कला आहे, वामीलाही आहे. जोडीचे पर नाहीत. कानात अर्धवर्तुळाकार नलिका आपल्याला तीन, लॅम्प्रेला दोन. यातली बरीच लक्षणं जबडा येण्याच्या आधीची स्थिती दाखवतात आणि ती बघायला आज जिवंत अशी हीच दोन घराणी उरलीत. हाडाचं कवच असलेले बिनजबड्याचे मासे, ऑस्ट्राकोडर्म, ते सगळे डेव्होनियन कालखंडाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे छत्तीसेक कोटी वर्षांपूर्वी संपले. मग कणा असलेल्या प्राण्यांची सुरुवात कशी झाली हे विचारायला जायचं कुणाकडे? लॅम्प्रेकडेच. तो पणजोबा नाही हे मान्य, पण पणजोबांच्या वेळचा वाडा ज्याने अजून पाडला नाही असा चुलता आहे. त्याच्या घरात गेल्यावर जुनी चूल दिसते. त्याला "तुम्हीही आमच्याइतकेच नवे" म्हणून निघून आलात तर बघायचं ते राहून जाईल.

आणि जबड्याचं महत्त्व कमी करू नका. आज कणा असलेल्या प्राण्यांच्या जाती ७० हजारांच्या आसपास, त्यात बिनजबड्याच्या सव्वाशेच्या आत-बाहेर. बाकी सगळे जबडेवाले. हा निकाल आहे. निकालाकडे पाठ करून कसं चालेल?

पैठणचा_मास्तर

सर, नमस्कार. चुलत्याच्या वाड्याचं उदाहरण उद्याच वर्गात वापरतो. पण वाडा पाडला नाही म्हणता, चुलत्यानं आतून पार बदललाय तो, बाहेरचा दरवाजा तेवढा जुना.

पहिली गोष्ट. लॅम्प्रेचं पिल्लू, ज्याला अमोसीट म्हणतात, ते आंधळं, बिनदाताचं, ओढ्याच्या गाळात पुरून घेऊन वर्षानुवर्षं गाळून खातं. ते अँफिऑक्सस नावाच्या, कणा नसलेल्या लहानग्या समुद्री प्राण्यासारखं दिसतं म्हणून दीडशे वर्षं सगळ्या पुस्तकांनी सांगितलं की आपला मूळपुरुष असाच असणार. तुम्हीही असंच शिकवलं असणार, मीही शिकवलंय. २०२१ मध्ये काय निघालं? दक्षिण आफ्रिकेत ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात प्रिस्कोमायझॉन नावाच्या लॅम्प्रेची पिल्लं सापडली, अगदी अंड्यातून निघालेली, अंगाला बलकाची पिशवी चिकटलेली. आन् त्यांना मोठे डोळे होते, चकती होती, दात होते. गाळात पुरून घेणारी अवस्था त्यांच्यात नाहीच. अमेरिकेतल्या इलिनॉयच्या जीवाश्मांतही तेच. म्हणजे गाळातलं पिल्लू ही लॅम्प्रेनं नंतर केलेली सोय. ज्याला आपण आजोबाचा फोटो म्हणून भिंतीवर टांगलं होतं तो नातवाचा निघाला.

दुसरी गोष्ट, प्रतिकारशक्ती. कोविडनंतर अँटिबॉडी हा शब्द आमच्या चुलतीलासुद्धा पाठ झालाय. लॅम्प्रेकडं आपल्यासारख्या अँटिबॉडीज नाहीत. म्हणून कितीतरी वर्षं समजूत होती की त्यांच्याकडं शिकणारी, लक्षात ठेवणारी प्रतिकारशक्ती नसणार, मागासच ना. २००४ मध्ये कळलं की आहे, फक्त वेगळ्या मालाची. ल्युसिन हे अमिनो आम्ल भरपूर असलेले प्रथिनांचे तुकडे एकापुढं एक जोडून ते जंतू ओळखणारे रिसेप्टर बनवतात, व्हीएलआर म्हणतात त्याला, आन् दर पेशीत जोडणी वेगळी. आपल्या बी पेशी, टी पेशी, तशाच त्यांच्यातही दोन्ही प्रकारच्या पेशी. एकाच गणिताला दोन भावांनी दोन रीतींनी उत्तर काढलंय आन् दोन्ही बरोबर आलंय. आता यात मागं कोण?

निकालाचं म्हणाल तर निवडणूक हरला म्हणून उमेदवार बिनडोक नसतो. जबडेवाले आल्यावर लगेच बिनजबड्याचे संपले असं झालंच नाही. चीनमध्ये जबडेवाल्यांचे दात ४४ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचे सापडलेत आन् कवचवाले बिनजबड्याचे त्यानंतर किमान सहा कोटी वर्षं त्यांच्याच पाण्यात नांदले. सहा कोटी वर्षं! डायनासोर मेल्यापासून आजपर्यंतचा काळ मोजा साधारण तेवढाच. ते हरले ते जबड्यानं का दुसऱ्या कशानं, याचा पंचनामा इतका सोपा नाही.

कोरडवाहू_केज

मास्तर लई छान लिहायलाव पण एक सांगा, सोयाबीनला भाव नाही, पाऊस कधी यायचा तवा येईना, आन् तुम्ही तिकडल्या समुद्रातल्या बिनजबड्याच्या माशावरून भांडायलाव. हे जाणून आम्हाला काय फरक पडतंय? गोदावरीत हाय का तो? मांजऱ्यात हाय का? नाही ना. मग कामून डोकं खायलाव पोरांचं. राग मानू नका, विचारलं म्हून विचारलं.

पैठणचा_मास्तर

राग कशाचा दादा. नाही, गोदावरीत नाही न् मांजरेतही नाही, त्याला थंड मुलखातलं पाणी लागतं. पण तुम्हाला हुमणी माहितीय ना?

कोरडवाहू_केज

हुमणी माहीत नसलेला शेतकरी दाखवा मला. गेल्या साली दीड एकर ऊस खाल्ला मुळापासून. वरून हिरवागार दिसायचा, धरून ओढला की हातात.

पैठणचा_मास्तर

मग ऐका. अमेरिका-कॅनडाच्या मधी मोठी तळी आहेत, ग्रेट लेक्स. नायगरा धबधबा आडवा असल्यामुळं समुद्रातला लॅम्प्रे वर चढू शकत नव्हता. जहाजांना धबधबा चुकवून जाता यावं म्हणून वेलँड कालवा होता, तो १९१९ च्या सुमारास सुधारला आन् १९२१ मध्ये एरी तळ्यात लॅम्प्रे सापडला. १९३८ पर्यंत वरच्या सगळ्या तळ्यांत. म्हशीला गोचीड लागावी तसा ट्राऊट माशाला लागायचा, चकतीनं चिकटायचं, जिभेनं कातडं खरवडायचं आन् रक्त प्यायचं. फक्त गोचिडीनं म्हैस मरत नाही, इथं मासा मरायचा. मासेमारी बसली सगळी, गावंच्या गावं त्यावर होती.

मोठा लॅम्प्रे तळ्यात धरणार कसा? तुम्ही हुमणीचं काय करता, जमिनीतली अळी सापडत नाही म्हणून पहिल्या पावसानंतर कडुनिंबावर, बाभळीवर रात्री भुंगेरे येतात ते झटकून मारता. त्यांनी उलटं केलं. मोठा सापडत नाही, पण पिल्लू ओढ्याच्या गाळात वर्षानुवर्षं बसून असतं, तिथंच गाठायचं. सहा हजारांच्या आसपास रसायनं एकेक करून तपासली आन् टीएफएम नावाचं असं सापडलं जे नेमक्या मात्रेत टाकलं तर लॅम्प्रेचं पिल्लू मरतं न् बाकीचे मासे बहुतेक वाचतात. १९५८ पासून वापरात आहे. लॅम्प्रे ९० टक्क्यांच्या आसपास कमी झाला. लॅम्प्रेचा जन्मक्रम कुणीतरी "काय उपयोग" न विचारता आधी शिकून ठेवला होता, म्हणून हे जमलं.

कोरडवाहू_केज

हां, हे कळलं. अळी आन् भुंगेरा. आमच्या पोराला सांगतो. सोयाबीनचं तेवढं बघा कुणीतरी.

दहा_अवतार_एक_भक्त

आपल्याकडं मत्स्यावतार पहिला, मग कूर्म, मग वराह. सगळं आधीच सांगून ठेवलंय. परदेशी लोक आता शोधायलेत.

परभणी_ॲग्री

काका, आमच्या आजीनं मत्स्यावताराची गोष्ट सांगितली तेव्हा त्यात मासा मनूची नाव ओढत होता, प्रलयातून वाचवायला. ती गोष्ट तशीच छान आहे, तिला जीवशास्त्राच्या पेपरला बसवू नका ना. आणि तो मासा शिंगवाला होता, लॅम्प्रेला शिंग नाही.

मला दुसरंच बोलायचंय. सरांनी दरवाजा आणि वाडा काढला, मी सरकीवर येतो. आपला देशी कापूस २६ गुणसूत्रांचा आणि आता सगळीकडं लावतात तो अमेरिकन ५२ चा. कधीतरी दोन जातींचा संकर झाला आणि अख्खे दोन संच एका झाडात राहिले. माल डबल म्हणून एक प्रत जुनं काम करते, दुसरीला नवं काम शिकायला मोकळीक. सुसुमु ओहनो नावाच्या शास्त्रज्ञानं १९७० मध्ये मांडलं होतं की कणा असलेल्या प्राण्यांच्या पूर्वजांतही असंच जनुकांचं अख्खं पोतं डबल झालं असणार. आता लॅम्प्रेचा जीनोम २०१३ ला आणि हॅगफिशचा २०२४ ला वाचून झाल्यावर चित्र असं दिसतंय, की पहिलं डबल होणं त्यांच्या-आपल्या समाईक पूर्वजात झालं. दुसरं आपल्या जबडेवाल्या घराण्यात वेगळं झालं आणि त्यांच्यात त्यांचं त्यांचं वेगळं, तेही डबल नाही, तिप्पट.

शरीराचा पुढून मागे नकाशा आखणारी हॉक्स जनुकं घ्या. अँफिऑक्ससकडं त्यांचा एक गट. आपल्याकडं चार. लॅम्प्रेकडं सहा. म्हणजे मोजणीच करायची तर तोच पुढारलेला. आणि गंमत म्हणजे एवढं पोतं भरून ठेवून लॅम्प्रे गर्भ वाढताना अंगाच्या पेशींतून जवळजवळ पाचवा हिस्सा डीएनए फेकून देतो, फक्त बीजपेशींत पूर्ण ठेवतो. आम्ही बियाण्याचं वेगळं आणि खायचं वेगळं ठेवतो तसं.

लातूर_पॅटर्न_१८०

हे सगळं वाचून माझीच फॅकल्टी मला विचारेल, सर आपण एक तास देऊ का. नको बाबांनो, अजून इकॉलॉजी राहिलीय.

हिंगोलीची_डॉक्टरीण

मी सहसा लिहीत नाही, पण "एमबीबीएसला लॅम्प्रे येत नाही" हे वाचून राहवलं नाही. येत नाही हे खरंय. पण लॅम्प्रेनं सांगितलेली एक गोष्ट आमच्या ओपीडीत रोज येते, फक्त तिचं नाव कुणी घेत नाही.

आई पोराला घेऊन येते, गळ्यावर मधोमध गाठ. मी पोराला जीभ बाहेर काढायला लावते. जीभ बाहेर आली की गाठ वर सरकते. झालं, निदान तिथंच निम्मं होतं, थायरोग्लॉसल सिस्ट. का सरकते? कारण थायरॉइड मुळात गळ्यात तयारच होत नाही. ती जिभेच्या बुडाशी, घशाच्या तळात तयार होते आणि तिथून गर्भातच खाली गळ्यात उतरते. उतरताना जी वाट राहते ती बुजायला हवी, कधी बुजत नाही, तिथं पाणी साठून गाठ होते. विद्यार्थी असताना मला नेहमी प्रश्न पडायचा, की बाई, तुला गळ्यातच बसायचं होतं तर जिभेखाली जन्म कशाला घेतलास?

उत्तर लॅम्प्रेच्या त्या गाळातल्या पिल्लात आहे. त्याच्या घशाच्या तळाला एंडोस्टाईल नावाची खोबण असते. ती चिकट स्राव सोडते, पाण्यातले खाण्याचे बारीक कण त्यात अडकतात आणि आत जातात. म्हणजे ती खाण्याची सोय आहे. पण तीच खोबण आयोडीनही धरून ठेवते. आणि पिल्लाचा मोठा लॅम्प्रे होताना त्या खोबणीतूनच थायरॉइड बनते. घशाच्या तळात जन्म घेण्याचं कारण हे, ती मुळात घशाचीच. आमच्या इथल्या बायका सकाळी उपाशीपोटी गोळी घेतात ना, पंचवीसची, पन्नासची, त्या सगळ्या प्रकरणाची मुळं या अशा खोबणीत आहेत.

आता वादाबद्दल. मास्तर, तुम्ही म्हणता पिल्लाची ती अवस्था नंतरची. असेल. पण एंडोस्टाईल अँफिऑक्ससलाही आहे, तेव्हा तेवढी गोष्ट जुनीच आहे. म्हणजे नांदेडच्या सरांची चूल खरीच आहे, वाडा कितीही बदलू द्या. या एका मुद्द्यावर मी सरांच्या बाजूनं.

पैठणचा_मास्तर

मॅडम, मान्य. एंडोस्टाईलचं मी खोडत नाही. मी पूर्ण पिल्लाला पूर्वज म्हणण्याच्या विरोधात आहे, त्याच्या एकेका अवयवाच्या नाही. जीभ काढायला लावायचं ते मात्र मी चोरणार.

नीट_रिपीटर_सेलू

सर मी तुमच्या क्लासची नाही पण वाचायले. एक डाउट. हॅगफिशला मणके नाहीत म्हणतात मग तो व्हर्टिब्रेटमध्ये कसा? आमच्या नोट्समध्ये एका ठिकाणी आहे, एका ठिकाणी नाही असं लिहिलंय.

निवृत्त_प्राध्यापक_नांदेड

बाळ, तुझ्या नोट्सची चूक नाही, हा घोळ फार जुना आहे. लिनिअसने १७५८ मध्ये हॅगफिशला माशांत घेतलंच नाही, किड्यांत टाकलं. दिसतोच तसा, डोळे जवळपास गेलेले, अंगाला गाठ मारून स्वतःच्या अंगावरचा बुळा पुसून काढतो. बुळा तरी किती, कुणी धरला की क्षणात सोडतो आणि बादलीभर पाण्याची जेली होते. शार्कने तोंडात घेतला तर शार्कचे कल्ले तुंबतात आणि तो थुंकतो. पुढे १८०६ मध्ये द्युमेरिलने त्याला लॅम्प्रेबरोबर एका गटात ठेवलं, गोल तोंडाचे म्हणून.

मग माझ्या तरुणपणी उलटं वारं आलं. हॅगफिशला मणके नाहीत, रक्ताचा खारटपणा समुद्राच्या पाण्याइतकाच, लॅम्प्रेला मात्र मणक्यांचे कूर्चेचे तुकडे आहेत आणि तो क्षार सांभाळतो, म्हणून लॅम्प्रे आपल्या जवळचा आणि हॅगफिश बाहेरचा असं ठरलं. मी स्वतः १९९० च्या दशकात वर्गात हेच शिकवलं, आणि फार ठामपणे शिकवलं, कोणी हात वर केला तर गप्प बसवलं असेल. नंतर जनुकांचे पुरावे येत गेले, २०१० मध्ये मायक्रोआरएनए या आरएनएच्या छोट्या तुकड्यांचा आला, आणि हॅगफिश-लॅम्प्रे सख्खे भाऊ हे पक्कं होत गेलं. २०११ मध्ये जपानमधल्या गटाने हॅगफिशच्या शेपटीकडच्या भागात मणक्यांचे छोटे कूर्चेचे अवशेष दाखवले. म्हणजे त्याला मणके कधी नव्हतेच असं नाही, होते ते त्याने घालवले. तेव्हा तो व्हर्टिब्रेटच.

आणि मास्तर, इथे तुमची बाजू घ्यावी लागते. आम्ही 'नाही' बघितलं की 'अजून आलं नाही' असं वाचत होतो. 'होतं, गेलं' ही शक्यता मनातच येत नव्हती. मागास शब्दाने तेवढं नुकसान नक्की केलं.

पण जबड्यावरून हटत नाही. जबडा झाला कशाचा, हे बघा. गर्भात घशाच्या बाजूला कमानी असतात, त्यातली पहिली. लॅम्प्रेच्या पिल्लात त्याच कमानीतून ओठाचा भाग आणि पाणी आत ओढणारा पडदा होतो, आपल्यात जबडा. नवं लाकूड आणलेलं नाही, जुन्या माळवदाचं सागवान काढून त्याची दारं केलीत. आणि तेवढ्यावर थांबलं नाही. सस्तन प्राण्यांत जबड्याच्या सांध्याची दोन हाडं सुटून कानात गेली, हातोडी आणि ऐरण. रायखर्टने १८३७ मध्ये डुकराच्या गर्भावरून हे मांडलं. तुम्ही हे वाक्य कुणाला मोठ्याने वाचून दाखवाल, ते ऐकू जाणार माशाच्या जबड्याच्या हाडांतून. ज्या एका बदलावर एवढं उभं राहिलं त्याला 'वेगळं' एवढंच म्हणून सोडायला माझं मन तयार नाही.

पैठणचा_मास्तर

सर, जबडा मोठी गोष्ट आहे हे मी कधी नाकारलं? मी म्हणतो जबडा येण्याआधीच निम्म्याहून जास्त घर बांधून झालं होतं. डोकं, कवटी, कॅमेऱ्यासारखा डोळा, मेंदूचे मुख्य भाग, मज्जाशिखेच्या पेशी ज्यातून चेहऱ्याचा सांगाडा बनतो, स्वादुपिंडाचं इन्सुलिन, थायरॉइड. हे सगळं लॅम्प्रेकडं आहे. चीनच्या चेंगजियांगमध्ये १९९९ साली हायकोउइक्थिस नावाचा बोटाच्या पेराएवढा मासा मिळाला, ५२ कोटी वर्षांच्या आसपासचा, जबडा नाही पण डोकं आहे, डोळे आहेत. पोरांना वाटतं कहाणी जबड्यापासून चालू होते. नाही, मध्यंतरानंतरचा सिनेमा आहे तो.

निवृत्त_प्राध्यापक_नांदेड

मध्यंतरानंतरच मारामारी असते, मास्तर. पण ठीक. 'आदिम लक्षण' मी ठेवतो, 'मागासलेला प्राणी' तुम्ही खोडा. स्वादुपिंड मात्र दुरुस्त करा, लॅम्प्रेला आपल्यासारखं एकत्र स्वादुपिंड नाही, इन्सुलिनच्या पेशींचा वेगळा पुंजका असतो आतड्याजवळ.

पैठणचा_मास्तर

दुरुस्त केलं सर. घाईत लिहिलं.

नीट_रिपीटर_सेलू

सगळं कळालं पण मेन डाउट राहिला. पेपरात विधान आलं की सगळे सायक्लोस्टोम बाह्यपरजीवी असतात, तर बरोबर टिक करू का चूक?

लातूर_पॅटर्न_१८०

बरोबर. डोळे झाकून बरोबर.

पैठणचा_मास्तर

पेपरात बरोबर करून ये, माय. तुझी सीट माझ्या हॅगफिशपायी जाऊ नये. ओएमआरवर बाकी काही लिहू नको. पण घरच्या पुस्तकात त्या 'सगळे' शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल कर आन् तुझ्या मागनं ज्याला ते पुस्तक देशील त्याला सांग, गोल कामून केलाय ते.

नीट_रिपीटर_सेलू

पुस्तक मावसबहिणीला जाणारे. केला गोल. पेन्सिल नव्हती, पेनानं केला.